रिकाम्या गावातली फेरी

२६ नोव्हेंबर

दिवस ६८८. अठरा किलोमीटर, एक तास चार मिनिटं.

ठाण्याहून खारवण्याला येऊन आठवडा झाला. मार्चपर्यंत भाईकडेच राहायचं ठरलं आहे. भाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, गावाच्या मानकऱ्यांपैकी एक, त्यामुळे घरात सकाळपासून माणसं. माई वहिनी चुलीपुढून हलत नाहीत. मला तिथे काही काम नाही. सहाला सायकल काढतो.

रस्ता मोजून घेतला. भाईच्या दारातून देवळापर्यंत, तिथून खाडीकाठाने वेशीवरच्या छोट्या पुलापर्यंत, साकवापर्यंत, आणि भंडारवाडीवरून परत असे सहा किलोमीटर होतात. अशा तीन फेऱ्या. देवळाजवळ दोनशे पावलं मातीचा रस्ता आहे, बाकी डांबर.

चारुता फोनवर म्हणाली, "बाबा, तिकडे तरी एखादा दिवस सुट्टी घ्या." तिला काय सांगणार. तिच्या आईच्या, स्वप्नाच्या, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल काढली, तेव्हापासून खंड नाही. ताप होता तेव्हा सोसायटीच्या आवारात अर्धा तास गोल फिरलो. वहीतल्या आकड्यात तेरा मिळवले की स्वप्नाला जाऊन किती दिवस झाले ते कळतं. वेगळं मोजावं लागत नाही.

३० नोव्हेंबर

दिवस ६९२. अठरा.

देवळाच्या पुढच्या वळणावर गणपतचं घर. शाळेत माझ्या बाकावर होता. पुढे एसटीत ड्रायव्हर झाला, अठ्ठावीस वर्षं. चार वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं. लग्न केलं नाही, धाकटा भाऊ लवू आणि त्याची बायको विनीता सांभाळतात. सकाळी त्याला पडवीतल्या खाटेवर आणून ठेवतात. मी दिसायच्या आधी चाकाच्या टिकटिकीवरून तो मला ओळखतो.

"इलो बग. कितवो रे आज?"

"सहाशे ब्याण्णव."

"आंबोलीचो घाट मी धुक्यात उतरवलेलो आसा, साठ माणसां घेवन. आणि तू हंय सपाटीवर टोपडां घालून फिरतंस."

"टोपडं नाही, हेल्मेट."

"ताच तां. आपटलंस तर डोक्यात आसा काय काय सांडण्यासारख्यां?"

विनीता आतून हसली. मी त्याला मोबाईलवर फेरीचा नकाशा दाखवला, निळी रेघ. डाव्या हाताने मोबाईल लांब धरून त्याने पाहिला. "गांडूळ वळवळला तसां दिसता." मग पुन्हा पाहिला. "रोज आसो उमटता?" रोज, म्हटलं. "मगे तुका खोटां बोलूची सोय नाय रे."

४ डिसेंबर

दिवस ६९६. अठरा.

देवाने कौल दिला. दहा तारखेला गावपळण.

मी लहानपणी दोनदा पाहिली होती. दर काही वर्षांनी देव गाव मागून घेतो. तीन रात्री गावात माणूस, गुरं, कुत्रं, कोंबडं कोणी राहायचं नाही. सगळ्यांनी वेशीबाहेर खोपी बांधून राहायचं, चौथ्या दिवशी देवळात पुन्हा कौल लावायचा. देवाच्या अंगाला फुलं चिकटवतात. उजवं फूल पडलं की परत यायचं. डावं पडलं तर नाही.

मी भाईला विचारलं, "सकाळची एक फेरी मारली तर?"

भाईने चष्मा काढला. "गुरू, तू इंजिनिअरांच्या हापिसात पस्तीस वर्षां काढलंस ना? थंय साहेबान गेट बंद केलां तर तू कुंपणावरून उडी मारी होतंस?"

माई म्हणाल्या, "भावजी, तीन दिवस ऱ्हवांदे ती सायकल. गंजूची नाय."

खोपी कातळावर बांधणार आहेत. कातळावरून आचऱ्याच्या रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर नुसती खडी आणि काटे. तिथून चाक नेलं तर पंक्चर ठरलेलंच. साकव ओलांडला की मात्र लगेच आपलं डांबर.

९ डिसेंबर

दिवस ७०१. अठरा.

पडवी रिकामी. विनीता दारात बोचकी बांधत होती. गणपत कुठे विचारलं.

"तळेऱ्याक धाडलो, भैणीकडे. काल जीप आणलेली. खोपीत कसो ठेवतलो सांगा."

शहाणपणाचं केलं, म्हटलं. मला उगाच वाईट वाटलं. उद्या सकाळी कोणी आकडा विचारणार नाही.

१० डिसेंबर

दिवस ७०२. सकाळी अठरा, नेहमीप्रमाणे.

दुपारी देवळात नगारा वाजला आणि गाव निघालं. कोंबड्या टोपल्यांखाली, गुरं दाव्याला, कुत्र्यांच्या गळ्यात साडीच्या किनारी. मांजरं मात्र कोणाच्या हाती लागत नव्हती. दारांना कुलपं लागत गेली. भाई शेवटच्या माणसांत होता. साकव ओलांडल्यावर तो मागे वळून उभा राहिला, हात जोडले आणि सगळ्यांना ओरडून म्हणाला, "आता थंय आपला कोण नाय!"

कातळावर माडाच्या झावळ्यांच्या शंभरेक खोपी. पत्ते, भजन, लाऊडस्पीकर. पोरांची मजा आहे. आमची खोप साकवापासून पहिली, लवूची तिसरी.

११ डिसेंबर

दिवस ७०३. अठरा.

गेलो. लिहून टाकतो. पहाटे सगळे झोपेत होते, सायकल उचलून साकव ओलांडला आणि पलीकडे स्वार झालो. कोणी पाहिलं नाही.

असा रस्ता आयुष्यात मिळाला नव्हता. कुत्रं नाही, दूधवाला नाही, एसटी नाही. नुसती माझी टिकटिक. दुसऱ्या फेरीला देवळाच्या पुढच्या वळणावर आवाज आला.

"कितवो रे आज?"

मी पडता पडता वाचलो. घराला बाहेरून कुलूप. खिडकीशी गेलो. आत अंधार होता, पलीकडच्या भिंतीला खाट, खाटेवर गणपत. उशाशी स्टुलावर पाण्याची कळशी, पेजेचं पातेलं, केळ्यांचा घड. मोरीत न्यायला कोणी नाही म्हणून खाली भांडं.

"तू तळेऱ्याला ना?"

"तळेऱ्याकच आसंय. हंय तुका कोण दिसता तो भूत."

"लवूने तुला असं कोंडून ठेवलं?"

"त्याका कित्याक बोलतंस? मीच सांगलंय. थंय खोपीत शंभर माणसांसमोर माका भांड्यावर बसवतले. त्यापरास देवाचो राग बरो. तीन दिवस तर आसत. विनीता रडा होती, मीच तिका गाळी घातलंय तेव्हा ऱ्हवली."

मग तो हसायला लागला. "आणि तू रे? मानकऱ्याचो भाव! भाईक समाजला तर तुझी टोपी आणि त्याची पगडी, दोनय एकदम."

आमचं ठरलं. त्याने मला पाहिलं नाही, मी त्याला पाहिलं नाही. "शप्पत?" म्हणाला. "शप्पत," म्हटलं. तिसरी फेरीही पूर्ण केली.

१२ डिसेंबर

दिवस ७०४. अठरा.

आज खिडकीशी दहा मिनिटं थांबलो. घड्याळ बंद केलं नाही, त्यामुळे वेग कमी दिसतो आहे.

त्याने गावाची खबर विचारली. काय सांगणार, काहीच नाही म्हटलं. मांजरं भाईच्या ओट्यावर बसली आहेत, म्हटलं. "म्हणजे मानकरी बदलले," म्हणाला.

मग एकदम विचारलं, "कित्याक रे चालवतंस ही? खरां सांग."

दोन वर्षांत मी कोणाला सांगितलं नव्हतं. अंधारात तो दिसत नव्हता म्हणून असेल, सांगितलं. तेराव्यानंतरचं घर, आकडा, त्यात तेरा मिळवायचे ते. त्याची खाट करकरली. मग म्हणाला,

"आणि थांबलंस तर काय, ती परत मरतली?"

मी निघून आलो. मागून हाक मारत होता, "गुरू, रे गुरू, मस्करी केलंय." काही माणसांना सगळ्यातच मस्करी सुचते. अंथरुणात पडून जीभ तेवढी शिल्लक राहिली आहे.

१३ डिसेंबर

दिवस ७०५. अठरा.

सकाळी त्याच्या घरावरून पहिल्या दोन्ही फेऱ्यांना न थांबता गेलो. तिसऱ्या फेरीला त्याने हाक मारली, आज मस्करीचा आवाज नव्हता. "गुरू, वायच थांब. कळशी लवंडली रात्री. हात लागलो. तहान लागल्या."

खिडकीतून वाकून पाहिलं. कळशी आडवी पडली होती, जमीन ओली.

"दुपारी येतले म्हणा सगळे," तो म्हणाला, "पण तोंड सुकलां."

माझी स्टीलची बाटली भरलेली होती, पाऊण लिटर. गजांतून हात घालून खाटेच्या दिशेने टाकली. खाटेवर आपटल्याचा आवाज आला, मग घरंगळल्याचा. "मिळाली?" विचारलं. तो काहीतरी म्हणाला. माझी वेळ झाली होती, उजाडत होतं. बाटली पोहोचली एवढं ऐकलं आणि निघालो.

दुपारी. मानकरी कौलाला देवळात गेले होते, ते परत आले. भाईचा चेहरा काळा पडला होता. कौल डावा.

देवळाजवळच्या मातीत चाकाची रेघ सापडली. दवाने ओली झालेली माती, रेघ स्पष्ट. गावात कोणीतरी शिरलं. देवाशी बोलणाऱ्या घाडीने गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, आणखी एक रात्र? डावं. दोन? डावं. तीन रात्री? तेव्हा कुठे उजवं फूल पडलं.

म्हणजे सोळा तारखेपर्यंत बाहेर. साकवावर आलटून पालटून सहा जणांचा पहारा. भाई सगळ्यांसमोर म्हणाला, "जो कोण आसात त्याका देव बघून घेयत. पण माका आधी गावलो तर देवाक काम उरूचा नाय."

मी सायकल खोपीच्या मागे झावळ्यांखाली ठेवली आहे. गावात सायकली पुष्कळ आहेत.

१४ डिसेंबर

दिवस ७०६. बावीस किलोमीटर.

आज कातळावरून सायकल खांद्यावर घेऊन आचऱ्याच्या रस्त्याला लागलो. वीस मिनिटं चालावं लागलं, एकही काटा लागला नाही. रस्ता उत्तम आहे, खाडीवरचा वारा, दोन्ही बाजूंना माड. हे आधी सुचायला हवं होतं.

गणपतचा विचार केला. पेज काल संपली असणार. पण केळी आहेत, आणि माझी बाटली आहे, साडेसातशे मिली. काटकसरीने प्यायला तर दोन दिवस. एसटीचा ड्रायव्हर, त्याला सवय असते.

भाईला सांगायचं ठरवून दुपारी त्याच्याजवळ बसलो.

"भाई, गणपत..."

"गणपताचो काय?"

आजूबाजूला चार मानकरी होते. "तळेऱ्याला बरा असेल ना," म्हटलं.

"असतलो. भैण चांगली आसा त्याची."

संध्याकाळी लवू माझ्याकडे आला. दोन दिवस तो खोपीबाहेर गावाकडे तोंड करून बसलेला असतो. विनीता जेवत नाही, उपास आहे म्हणते. लवू थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला,

"गुरूभाऊ, तुमी वाचतास बिचतास. माणूस उपाशी किती दिवस ऱ्हवता हो?"

"कोण माणूस?"

"कोण नाय. टीव्हीर बघलेलंय, उपोषणाचां. म्हणान विचारलंय."

मी म्हटलं, "पाणी असेल तर आठ-दहा दिवस सहज. जेवणाचं तितकं नाही, पाणी पाहिजे."

"पाणी आसा," तो म्हणाला. मग सावरून, "म्हणजे पाणी खंयपण असताच."

त्याचा चेहरा इतका सैल झाला की मलाही बरं वाटलं. उठताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून गेला. त्यानंतर त्याच्या खोपीतून विनीता जेवल्याचा आवाज आला, ताट घासल्याचा.

मी सांगितलं ते खरंच आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. कळशीचं त्याने विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं असतं तर तुम्हाला कसं माहीत, हे त्याने विचारलंच असतं.

१५ डिसेंबर

दिवस ७०७. एकतीस किलोमीटर. खारवण्याला आल्यापासूनची सर्वात लांब फेरी.

पाय आपोआप चालले. थांबावंसं वाटत नव्हतं.

येताना साकवाच्या अलीकडे उभा राहिलो. पहाऱ्यावरच्या माणसाने विचारलं, "काय आयकतास, गुरूभाऊ?" काही नाही, म्हटलं. देवळाचं वळण तिथून सव्वा किलोमीटर आहे. तिथून माणसाचा आवाज येणं शक्य नाही. तरी आम्ही दोघंही तिकडे कान लावून उभे राहिलो. "काय ह्यो शांतपणा," तो म्हणाला.

त्याचं असं आहे की घरच्यांनी बोलायला हवं. लवू सख्खा भाऊ. कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला आहे. माझ्याकडे काय आहे? सायकल.

चारुताचा फोन आला होता. "बाबा, गावपळणीतही गावात? नकाशा बघितला मी. रिकाम्या गावात कसं वाटलं?" मी म्हटलं, मस्त. आणि कोणाला सांगू नकोस. ती हसली.

१६ डिसेंबर

दिवस ७०८. अठरा.

सकाळची फेरी आचऱ्याच्या रस्त्यानेच उरकून घेतली. नंतर वेळ मिळेल न मिळेल.

दहाला उजवा कौल. नगारा वाजला आणि माणसं साकवावरून पळत सुटली. लवू सगळ्यांच्या पुढे होता. इतका पुढे की भाई म्हणाला, "ह्येका काय झालां?"

आम्ही वळणावर पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि विनीता ओट्यावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होती.

गणपत खाटेवर नव्हता. जमिनीवर, पालथा, भिंतीच्या बाजूला. डावा हात पुढे लांब केलेला. कालच गेलेला असावा, असं म्हणाले. ओठ मी पाहिले, ते लिहीत नाही.

आधी कोणाला समजेना. तळेऱ्याहून हा आला कधी? मग समजलं आणि गाव लवूवर तुटून पडलं. देवाच्या गावात माणूस ठेवला! डाव्या कौलाचं कारण हेच! एकाने त्याची कॉलर धरली. भाईने सोडवलं नाही. लवू नुसता उभा होता.

तेवढ्यात भंडारवाडीची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अरे, मगे ती चाकाची रेघ? तोच जाय होतो असतलो भावाक जेवण देवक. आणि तुमी थंय पहारो लावलास!"

भाईने विचारलं, "लवू, खरां काय? तू जाय होतंस?"

लवूने बराच वेळ घेतला. मग मान हलवली. होय.

कॉलर धरणाऱ्याने हात काढला. कोणीतरी रडायला लागलं. भाईचा आवाज एकदम उतरला. "मगे पहारो बसल्यार तरी सांगूचा होतास रे. मी काय राक्षस आसंय?"

१७ डिसेंबर

दिवस ७०९. अठरा, आचऱ्याच्या रस्त्यानेच. देवळाच्या बाजूला गेलो नाही.

काल संध्याकाळी उरकलं. तालुक्याहून डॉक्टर आले होते, त्यांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. आधीच अंथरुणातला माणूस, जास्त विचारलं नाही.

आज दुपारी मी अंगणात चेन पुसत होतो तेव्हा लवू आला. पिशवीतून माझी बाटली काढून पुढे ठेवली.

"खाटेखाली होती. भिंतीक लागलेली."

उचलली. जड होती. बूच तसंच घट्ट.

"भरलेली आसा," तो म्हणाला. "तो तिच्याकडे सरपटत गेल्लो. वीतभर ऱ्हवलेला."

बाटली बरी मिळाली, त्यावर ठाण्याच्या आमच्या क्लबचं नाव आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती लागली असती तर. असं काहीतरी मी बोललो असेन. तो माझ्याकडे बघत राहिला.

"कळशी लवंडलेली तुमका म्हायत होती?"

"लवू, मला वाटलं बाटली पोचली."

"मी तुमका विचारलेलंय. त्या संध्याकाळी."

"तू उपासाचं विचारलंस."

तो हसला. म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. अंगणातच खाली टेकला आणि हळू आवाजात, आत माईंना ऐकू जाणार नाही असं बोलू लागला.

"आता आयका. माझ्या सायकलीचां चाक मे महिन्यापासून मोडलेलां आसा, सगळ्यांका म्हायत आसा. आज एकान विचारलान, खंयच्या सायकलीन जाय होतंस? मी तुमचा नाव सांगलंय. गुरूभाऊंकडसून मागून घेतलेलंय तीन दिवस, फाटफटी, उजाडूच्या आदी. तुमी आता होय म्हणा."

"म्हणेन."

"आणि तो नकाशो. तुमी रोज दाखवी होतास त्याका, माका सांगी होतो. त्या तीन दिवसांचो तुमच्या मोबाईलात असतलो. दहाव्याक गावातली पोरां येतली, तुमचो मोबाईल मागून बघतत ती नेहमी. सायकल माझ्याकडे होती तर तुमी चालवलास कशी?"

मी चेन पुसत राहिलो.

"पुसून टाका."

"लवू, ते पुसलं तर खंड पडेल. सातशे दिवस..."

मी एवढंच म्हटलं. तो उठला. चप्पल घालताना म्हणाला, "माझो भाव रोज सकाळी सांगी होतो, आज इतके झाले म्हणान. माका ठाऊक आसा किती झाले."

१९ डिसेंबर

दिवस ७११. अठरा.

लवूला सुतक, म्हणून त्याच्या वतीने भाईने देवाला नारळ आणि कोंबडा दिला, देवाने मान्य केला. गावाचा राग गेला. उलट आता त्याचं नाव चांगल्या अर्थाने निघतं. देवाची आज्ञा मोडून भावाला जेवू घातलं म्हणतात.

माझंही. देवळाजवळ दोघांनी थांबवून हात जोडले. भाई रात्री जेवताना म्हणाला, "तू सायकल दिलंस तां मी तेव्हा ऐकलेलां असतां तर रागावलेलंय असतंय. पण बरां केलंस. मी मानकरी, माका मुभा नाय. तुका होती." त्याने स्वतःच्या ताटातला माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात वाढला. हे त्याने कधी केलं नव्हतं.

मी अजून पुसलेलं नाही. दोन दिवस वेगवेगळे विचार केले. मोबाईल हरवला म्हणून सांगता येईल. पण हरवला तरी चारुताकडे दिसतं. फक्त तेरा तारखेचा नकाशा ठेवला तर? तेराची रेघ गणपतच्या खिडकीपाशी थोडी जाड दिसते, थांबल्यामुळे. बाराची त्याहून जाड.

चारुताला फोन करून म्हटलं, ते तीन दिवस मी नव्हतो, सायकल दुसऱ्याला दिली होती, मोबाईल सायकलीला लावलेला राहिला. ती म्हणाली, "पण तुम्हीच मला मस्त म्हणालात." मी म्हटलं, माझी मस्करी. ती म्हणाली, "बाबा, बरे आहात ना?"

२० डिसेंबर

सकाळी फेरी झाल्यावर ओट्यावर बसून पुसलं.

आधी अकरा तारीख. ॲप विचारतं, ही नोंद कायमची जाईल, चालेल? चालेल. मग बारा. मग तेरा. प्रत्येक वेळी रेघ नकाशावरून जाते आणि खाली नुसतं गाव उरतं.

वरचा आकडा सातशे बाराचा सात झाला. चौदापासून आजपर्यंत, सात.

वहीत मी मोजू शकतो. वहीत खंड नाही. पण सात बघितल्यावर काय झालं सांगता येत नाही. तेरा मिळवले. वीस. स्वप्नाला जाऊन वीसच दिवस झाल्यासारखं वाटलं आणि मला रडू फुटलं. सायकलीच्या सीटवर डोकं ठेवून, आवाज काढून रडलो. तिच्या वेळी असा रडलो नव्हतो.

माई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडा भावजी, रडा. बाळपणाचो सोबती तो. त्याच्या रक्ताच्या माणसांनीसुद्धा असां रडूक नाय."

मी नाही म्हटलं नाही.

त्यांनी ते विनीताच्या कानावर घातलं असावं. अकराच्या सुमारास ती आली. सुतक आहे म्हणून ओटा चढली नाही. खाली उभं राहून म्हणाली, "माका ह्यांनी सांगूक नाय होतां. मी थंय खोपीत रोज देवाक विचारी होतंय, तो थंय एकलो काय करता म्हणान. आता समाजलां, तुमच्या सायकलीन त्याका तीन दिवस तरी आपला माणूस भेटलां." आणि ओट्याच्या पायरीला डोकं टेकलं, माझ्या पायांसमोर.

मी तिला ऊठ म्हटलं. असू दे, म्हटलं. असू दे.